साडभाऊंचा ‘ळ’

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात ‘ळ’ हे अक्षर ज्या एका माणसाच्या जिवावर तग धरून आहे, तो माणूस नेमका माझा साडू आहे. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. एकाच घरचे दोन जावई म्हणजे एकाच दुकानातून जोडे घेतलेली दोन गिऱ्हाइकं. कुठे चावतात ते एकमेकांना न सांगता कळतं. त्यामुळे साडभाऊंबद्दल मी जे काही सांगणार आहे ते कौतुकानंच सांगणार आहे, हे आधीच बोलून ठेवतो. त्यांच्या हाती हे पडलं तर ते मजकूर नंतर वाचतील, शुद्धलेखन आधी तपासतील.

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळा डोया होतो, केळं केयं होतं, काळा काया होतो, बाळा बाया होतो. यामुळे आजवर कोणाचं काही अडलेलं नाही. आंधळ्याला आंधया म्हटलं म्हणून त्याला आणखी कमी दिसत नाही, आणि डाळीला दाय म्हटलं म्हणून ती शिजायची राहत नाही. साडभाऊंच्या रिठद गावात सगळे असंच बोलत होते आणि साडभाऊही त्यांच्यातलेच एक होते. पण शेतकीची पदविका घ्यायला ते पुण्याकडे गेले आणि घात झाला. खानावळीत पहिल्याच दिवशी त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, “केयं हायेत का?” शेजारच्या पाटावरची मंडळी अशी हसली, की पुढे वर्षभर साडभाऊंना त्यांच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही. सगळे ‘केयं’च म्हणायचे. दुसरा एखादा असता तर त्यानं केळी खाणं सोडलं असतं. साडभाऊंनी ‘य’ सोडला. आरशासमोर उभं राहून, जीभ उलटी करकरून त्यांनी ‘ळ’ कमावला, आणि पदविका नापास होता होता राहिली तरी ‘ळ’ मात्र पहिल्या वर्गात घेऊन गावी परतले.

अडचण एवढीच झाली की तो थोडा जास्तच झाला. गावात जिथे जिथे ‘य’ म्हणतात तो मुळात ‘ळ’च असणार, अशी त्यांनी मनाची समजूत करून घेतली आणि सरसकट दुरुस्तीला लागले. गायीला ते गाळ म्हणू लागले. रिसोडच्या बाजारात जाऊन त्यांनी अडत्याला विचारलं, “सोळाबीन काय भाव?” अडत्या म्हणाला, “भाऊ, इथं दोनच जातीचं येऊन राह्यलं, तुमाले सोळा कुठून आनून देऊ?” ते आमच्या सासुरवाडीला मुलगी पाहायला आले तो किस्सा तर आमच्या घरात अजून सांगतात. पोहे खाऊन, हात पुसून ते सासऱ्यांना अदबीनं म्हणाले, “आमची काहीच गैरसोळ झाली नाही बरं.” सासऱ्यांना वाटलं हा कुठलातरी मोठा पुणेरी शब्द असावा, एवढं शिकलेलं स्थळ पुन्हा येणार नाही. त्यांनी तिथेच होकार दिला. लग्नानंतर माझ्या मोठ्या मेहुणीनं एक दिवस शांतपणे सांगितलं, “मी तुमची बायको आहे, बाळको नाही,” तेव्हापासून साडभाऊंचा ‘ळ’ आपल्या जागी गेला. पण जागी गेला म्हणून गप्प बसला असं नाही. ते आता दुसऱ्यांचा ‘ळ’ जागेवर आणायच्या कामाला लागले.

रिठदहून रिसोडला जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात. ड्रायव्हर मागं वळून म्हणतो, “जरा सरका, पाय आत घ्या, येय नाही.” साडभाऊ तेवढ्या गर्दीतून मान काढून म्हणतात, “वेळ.” जीप थांबली तरी चालेल, पण वेळ बरोबर पाहिजे. एकदा गावात एक म्हातारे गृहस्थ गेले. आम्ही दोघे भेटायला गेलो होतो. ओसरीवर सगळे मान खाली घालून बसलेले, आणि एका वडीलधाऱ्या माणसानं उसासा टाकून म्हटलं, “काय कोनाले सोडत नाही.” साडभाऊ हळूच म्हणाले, “काळ.” तो म्हणाला, “काय?” साडभाऊ म्हणाले, “काय नव्हे, काळ.” तो घाबरून म्हणाला, “कायचं काय? आनखीन कोन गेलं?” मी साडभाऊंचा दंड धरून त्यांना उठवलं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, “माणूस गेला याचं मलाही वाईट वाटतं हो, पण म्हणून भाषेनं का मरावं?”

असा हा माणूस. शेत उत्तम करतो, तूर त्याची सगळ्यांआधी फुलते, कोणाच्या मळणीला यंत्र मिळालं नाही तर स्वतःचं पाठवतो आणि मोबदल्यात फक्त त्याला मळणी म्हणावं, मयनी म्हणू नये, एवढीच अपेक्षा धरतो. लोक काम होईपर्यंत मळणी म्हणतात आणि नंतर मयनी म्हणतात. साडभाऊंना तेही चालतं. त्यांना एकच सल होता. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात मूल नव्हतं. ते स्वतः याबद्दल चकार शब्द काढत नसत. पण केनवडला दिलेली त्यांची मोठी बहीण होती, तिनं मात्र काही करायचं बाकी ठेवलं नाही. दिसेल त्या देवाला तिनं नवस बोलले, उपास धरले, भावजयीला घेऊन दवाखान्यांचे उंबरे झिजवले. आई लवकर गेल्यामुळे साडभाऊंना हिनंच कडेवर वाढवलेलं. ते तिला बाई म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच बाई म्हणतो. आणि शेवटी साडभाऊंना मुलगी झाली. रिसोडच्या दवाखान्यात बाळ पाहून बाई दारातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही तिथे होतो. मलाही आवरलं नाही, खोटं कशाला बोलू.

नाव ठेवायची वेळ आली. मेहुणीला परी पाहिजे होतं. मी माझं आपलं सुचवलं, “रिया ठेवा. वऱ्हाडात ठेवा नाहीतर विलायतेत, कोणीही चुकणार नाही.” साडभाऊ माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत म्हणाले, “ज्या नावात चुकायला जागाच नाही, ते घेताना माणूस लक्ष कशाला देईल? नाव घेताना समोरच्यानं घटकाभर थांबलं पाहिजे, जिभेनं जरा मेहनत केली पाहिजे.” गावच्या सप्ताहात एका कीर्तनकाराच्या तोंडून त्यांनी कधीतरी ‘वेल्हाळ’ हा शब्द ऐकला होता. लाडात वाढलेलं, देखणं, डौलात चालणारं असा त्याचा अर्थ. तो शब्द त्यांनी इतकी वर्षं मनात जपून ठेवला होता, कोणाला बोलले नव्हते. पोरीचं नाव वेल्हाळ. मी मनात अक्षरं मोजली आणि कपाळाला हात लावला. आमच्याकडे ‘वे’ चा ‘ये’ होतो, ‘ल्ह’ मधला ‘ह’ गळतो आणि ‘ळ’ चं काय होतं ते सांगून झालंच आहे. म्हणजे नावातला एकसुद्धा धड तुकडा वऱ्हाडी तोंडातून जसाच्या तसा बाहेर येणार नव्हता. साऱ्या मुलखाची तोंडी परीक्षा घ्यायची म्हणून कोणी मुद्दाम शब्द तयार केला असता तरी याहून अवघड झाला नसता.

आणि झालंही तसंच. गावानं पहिल्या दिवशीच ‘येलाय’ करून टाकलं. शेजारच्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना साडभाऊंनी कानाशी जाऊन मोठ्यानं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, “इलाज? झाला का पोरीचा इलाज? मंग बरं झालं बाप्पा.” दवाखान्यातले परप्रांतीय डॉक्टर कौतुकानं ‘वेलहल’ म्हणाले. रिसोडचा धान्याचा व्यापारी पेढा तोंडात घालता घालता थबकला आणि म्हणाला, “बेहाल? अरे भाऊ, घर में लक्ष्मी आई है, ऐसा नाम कायको?” साडभाऊ प्रत्येकाला उभं करून, न चिडता, तीन तुकडे पाडून नाव शिकवायचे. माझं रिसोडला फ्लेक्स आणि पत्रिका छापायचं दुकान आहे. बारशाचा फ्लेक्स अर्थात माझ्याकडेच आला. माझ्या कॉम्प्युटरनंसुद्धा ‘ल्ह’ चं जोडाक्षर तोडून ‘वेल् हाळ’ असं उमटवलं. साडभाऊ माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते खिन्नपणे म्हणाले, “यंत्रसुद्धा आपल्याच भागातलं दिसतंय.” जोडाक्षर जुळेपर्यंत त्यांनी मला जेवायला सोडलं नाही.

पण खरी अडचण फ्लेक्सची नव्हती. बारशाला बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्याशी वाकते, कुर्र्र करते, कानात नाव सांगते आणि मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. वेल्हाळची आत्या म्हणजे बाई. आणि बाईंच्या तोंडून ‘ळ’ निघणं म्हणजे बोरीला आंबे लागणं. साडभाऊंनी फोनवर शिकवणी सुरू केली. मी समोर बसून ऐकलेली आहे. साडभाऊ सांगायचे, “बाई, जीभ वर ने आणि टाळूला लाव.” पलीकडून बाई विचारायच्या, “टायूले?” “टायूले नाही, टाळूला.” “मी तेच म्हनून राह्यली ना रे, टायूले.” मग बाई जीव एकवटून म्हणायच्या, “येलाय.” साडभाऊ डोळे मिटून घ्यायचे. असं रोज चाललं. बारसं चार दिवसांवर आलं आणि केनवडहून निरोप आला, की झबलं-टोपडं पाठवते, पण मी काही येत नाही. नाव दुसऱ्या कोनाकून सांगून घ्या.

साडभाऊंनी निरोप ऐकला आणि गोठ्यात जाऊन बसले. नाव बदलायला ते तयार नव्हते आणि बाईंशिवाय बारसं करायला त्यांचा जीव होत नव्हता. अशा वेळी जावयाच्या भांडणात दुसऱ्या जावयानं पडू नये हे मला कळतं, पण मेहुणीचा चेहरा पाहवेना, म्हणून मी केनवडला गेलो. बाई अंगणात हरभऱ्याची डाळ वाळत घालत होत्या. मला वाटलं होतं त्या रागावलेल्या असतील. त्या रागावलेल्या नव्हत्या. मला पाणी देऊन त्या म्हणाल्या, “मी रुसली नाही जी. पन पोरीच्या कानात पह्यलं नाव मी सांगनार, अन् तेच चुकलं तं? जल्मभर ते लेकरू चुकीचं नाव घेऊन फिरन. इतक्या वर्सानं देवानं देल्लं लेकरू, त्याची सुरुवातच माह्या तोंडानं बिघडवू कायले?” मी म्हटलं, “बाई, असं काही होत नसतं.” त्या डाळीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “भावाले मी बाया, बायाच म्हनत मोठं केलं. मले वाटे बरोबरच म्हनून राह्यली मी. आता फोनवर तो शिकवते तवा समजलं का ते बी चुकतच होतं.”

मी रिठदला परत आलो आणि बाई जे बोलल्या ते साडभाऊंना जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर न दुरुस्त करता. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली, मोटारसायकल काढली आणि निघाले. केनवडला भावा-बहिणीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की संध्याकाळच्या आत बाई मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर झबल्याचं गाठोडं धरून रिठदला उतरल्या. सगळ्या रस्त्यानं त्या मागे बसून नाव घोकत आल्या आणि पुढे बसलेल्या माणसानं त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही, असं बाईंनीच मला नंतर नवलानं सांगितलं.

बारसं थाटात झालं. मी छापलेला फ्लेक्स दारावर लागला, तो वाचून अर्ध्या गावानं ‘येलाय’ म्हटलं आणि जेवून गेलं. बाई पाळण्याशी वाकल्या. साडभाऊ पुरुषांच्या घोळक्यात असूनही मान उंच करून बघत होते, त्यांचे ओठ आपोआप हलत होते. बाईंनी कुर्र्र केलं, श्वास घेतला, जीभ टाळूला लावण्यासाठी तोंड उघडलं आणि नेमका त्याच वेळी मागच्या कोण्या उत्साही काकूनं पाठीत असा धपाटा घातला, की पुढचं नाव हसण्यात आणि बायकांच्या गलक्यात कुठे गेलं ते कोणालाच कळलं नाही. ते ‘वेल्हाळ’ होतं की ‘येलाय’ होतं, हे त्या पाळण्यातल्या जिवालाच ठाऊक. नंतर पंगतीत साडभाऊंनी मला घुगऱ्या वाढता वाढता हळूच विचारलं, “तुम्ही जवळ होतात, काय ऐकू आलं?” मी म्हटलं, “मला तर फक्त धपाटा ऐकू आला.” ते हसले आणि पुढे गेले.

त्याला आता चार वर्षं होतील. वेल्हाळ रिसोडच्या शाळेत बसनं जाते. घरात बापानं पहिल्या दिवसापासून अक्षर अक्षर घोटून घेतल्यामुळे तिचा ‘ळ’ असा काही खणखणीत आहे, की वर्गात शिक्षिका ‘फळा’ म्हणायचं झालं तर आधी हिच्याकडे बघतात. साडभाऊंचं दुरुस्त्या करणं चालूच आहे. ड्रायव्हर, व्यापारी, मी, माझी बायको, कोणी सुटलेलं नाही. फक्त केनवडच्या बाई सोडून. बाई भाचीला ‘येलाय’ म्हणतात आणि साडभाऊ तेव्हा दुसरीकडे काहीतरी बघत असतात.

यंदा भाऊबीजेला आम्हीही रिठदला होतो. बाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, “येलाय, ये वं माय, इकडं ये.” पोरगी आली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. “आत्या, येलाय नाही. वे-ल्हा-ळ. तुला माझं नाव घेताच येत नाही.” शब्द तेच, सूर तोच, अगदी बापासारखा. आम्ही हसलो. बाईही हसल्या, पण त्यांचे हात वातीवर थांबले, आणि ते हसू ओसरत गेलं. मी साडभाऊंकडे पाहिलं. वाटलं, या माणसानं आयुष्यभर ज्यासाठी खटपट केली ते आज घडलं, आता हे फुलतील. ते उठले, पोरीपुढे उकिडवे बसले, आणि बोलू लागले तेव्हा मी चमकलो. कारण लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून आमची बोली कधी ऐकलीच नव्हती.

“हे पाह्य, बाया,” ते म्हणाले. “आत्यानं तुह्या कानात जे सांगतलं, थे तुह्यं नाव हाये. बाकीचं मंग आमी लोकायनं ठेवलं. आत्याले नाही शिकवायचं.”

पोरीला बापाची ही भाषा नवीन होती. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा आत्याकडे पाहत राहिली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, “राहू दे रे. लेकरू बरोबर बोलून राह्यलं. शिकव माय मले, शिकव तू.” मग ती आत्याच्या मांडीवर चढून बसली आणि तिच्या हनुवटीला धरून तिनं शिकवणी सुरू केली. “म्हण, ळ.” बाई म्हणाल्या, “य.” “अशी जीभ वर ने, आत्या. ळ.” “य.” पोरगी खिदळत होती, बाईही खिदळत होत्या, आणि बाईंना खरंच येत नव्हतं की पोरीनं मांडीवरून उठू नये म्हणून त्या चुकत होत्या, हे मला सांगता येणार नाही. साडभाऊ अंगणाकडे तोंड करून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. ही पोरगी मोठी होईल, शिकेल, दूर जाईल, तिचं नाव कोणी बरोबर घेईल, कोणी चुकीचं घेईल. पण तिला ‘येलाय’ म्हणून हाक मारणारं माणूस पुढे कोणी राहणार नाही, हे तिथे बसल्या बसल्या मला जाणवलं. साडभाऊंच्या मनातही तेच असावं. आत शिकवणी चालू होती आणि ते कान देऊन ऐकत होते. मी काही बोलणार, तोच हातानं मला गप्प करून ते म्हणाले, “थांबा, बाईला अजून एकदा म्हणू द्या.”